रॅक राहू द्या, मामा, आधी खोकी उघडा

चिंचवडच्या मामांनी निवृत्तीनंतर हौसेने रेकॉर्ड वाजवायला टर्नटेबल, अँप (अँप्लिफायर) आणि दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर घेतले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, खोकी अजून दिवाणाखालीच. कारण काय, तर त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला एक लांबलचक मेसेज. माझ्याकडेही तो तीन बाजूंनी येऊन गेला. थोडक्यात त्यातला उपदेश असा: सिस्टिमच्या किमतीच्या 20 टक्के रक्कम ती ठेवायच्या खास ऑडिओ रॅकवर घाला, रॅकच्या पायांना टोकदार स्पाइक, म्हणजे धातूची अणकुचीदार टोकं, हवीतच, प्लायवुड आवाज 'खातं', भारी रॅकवर ठेवलं की अँपचा आवाज 'उघडतो', आणि धुळीपासून वाचवायला अँप काचेच्या दाराआड ठेवा.

शेवटचं आधी घेतो. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर खिसा रिकामा होईल, याने अँप जाईल. मामांनी शोकेसचा एक कप्पा रिकामा करूनही ठेवला होता. अँप आत सरकवून पाहिलं तर वर जेमतेम बोटभर जागा, मागे तर तेवढीही नाही. अहो, अँपसोबत आलेली पुस्तिका तरी उघडा! वर, मागे, बाजूंना जागा मोकळी सोडा हे तिच्यात सुरुवातीलाच छापलेलं असतं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून सोडणारे छोटे डबे) उष्णतेला फार हळवे. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा. त्यात आपला मे महिना. धुळीसाठी फडकं आहे की घरात. फार वाटलं तर अँप बंद करून गार झाल्यावर वर जुन्या साडीचा तुकडा टाका.

आता स्पाइक. हा सल्ला मुळात इंग्लंड-अमेरिकेतला. तिकडे कितीतरी घरांत जमीन लाकडी फळ्यांची, खाली पोकळ, वर गालिचा. माणूस चालला की फळी दबते. स्पाइक गालिच्यातून आरपार जाऊन फळीवर टेकतो आणि स्टँड डुगडुगत नाही, एवढंच त्याचं काम. मामांच्या घरात आरसीसी स्लॅब आणि वर दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड फरशी. तिथे तो टोचणार कशात? चरे मात्र पडतील, आणि ते मामीला दिसतील.

वाद नको म्हणून मी एक वाटी पाण्याने काठोकाठ भरून टर्नटेबलच्या जागी, म्हणजे हॉलमधल्या जुन्या सागवानी टेबलावर ठेवली आणि मामांना पाय आपटत चालायला लावलं. पाणी थरथरलं. मामा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागले. वाकून पाहिलं तर टेबलाचा एक पाय फरशीला टेकतच नव्हता. लग्नपत्रिकेची चौघडी करून खाली सारली. पुन्हा फेरी. पाणी ढिम्म. "खालचे वर येतील आता भांडायला," मामी आतून ओरडली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. टर्नटेबलला हादरा चालत नाही हे खरं आहे. सुई रेकॉर्डच्या चरीतला केसाहून बारीक थरथराट वाचते, त्यात जमिनीचा किंवा स्पीकरचा हादरा मिसळला तर घुमतं, सुई उडते. म्हणून स्पीकर आणि टर्नटेबल एका फळीवर नकोत. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यात, लाकडी माडीवर राहत असाल तर मेसेज थोडाफार तुमच्यासाठी आहे. पण तिथेही उपाय म्हणजे भक्कम भिंतीत ठोकलेली फळी, वीस टक्क्यांचा रॅक नव्हे.

'आवाज उघडतो' याबद्दल काय बोलायचं? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली 40 जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. ऐकणारे सगळे ऑडिओ कंपनीतलेच नोकर. स्पीकर दिसायला लागल्यावर त्यांनी दिलेले गुण बदलले. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा छोटा, स्वस्त संच दिसताक्षणी खाली घसरला. परीक्षा स्पीकरची होती, रॅकची नव्हे, ठाऊक आहे. पण स्पीकरसारख्या खरोखर वेगळ्या वाजणाऱ्या वस्तूबद्दल जाणकारांचे डोळे कानांना असं फसवत असतील, तर अँपखालच्या फळीबद्दल कोणी शपथेवर सांगितलं तरी मी पैसे काढणार नाही.

प्लायवुड आवाज खातं म्हणे! खात असेल तर तुमचे स्पीकर कशाचे बनलेत ते मागून स्क्रू काढून बघा. बहुतेकांची खोकी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या, प्लायवुडच्याच भाऊबंदातल्या फळीची निघतील.

माझा स्वतःचा रॅक दुकानांत असतो तसल्या लोखंडी स्लॉटेड अँगलचा आहे, 18 मिमी प्लायच्या तीन फळ्या टाकून. अडीच-तीन हजारांत झाला. दिसायला किराणा दुकान, पण हलत नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल तर प्लाय आयएस 710 वालं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या, पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतं. तयार टीव्ही युनिट घेणार असाल तर टेप घेऊनच जा. बहुतेक अँप 43 सेंटिमीटर रुंद असतात, मागे वायरींना वेगळी जागा लागते. आयकियाच्या कॅलॅक्स या चौकोनी खणांच्या शेल्फचा खण 33 सेंटिमीटरचा, त्यात अँप जात नाही, रेकॉर्ड्स मात्र अगदी मापात बसतात. रेकॉर्ड्स खालच्या खणात ठेवा. शंभरेक रेकॉर्ड्सचं वीसेक किलो वजन तळाशी असलं की रॅक आपोआप जागेवर बसतो.

मामांकडे शेवटी ते सागवानी टेबलच ठरलं. वर कडप्प्याचा एक तुकडा टाकला. तो चौकातल्या मार्बलवाल्याने कडा घासून दीडशे रुपयांत दिला. मामीची अजून कुरकुर आहे, तेवढ्यात तिचा पोळपाट झाला असता.