उपलब्धतेनुसार शुभरात्री

रात्रीच्या स्लीपर गाडीने प्रवासाला निघताना घरून डबा बांधून नेण्याची जी जुनी खोड आपल्याला लागलेली आहे, ती सर्वप्रथम सोडून द्यावी. आरक्षणाच्या कागदावर ‘गाडीत खानपानाची सोय आहे’ असे स्वच्छ छापलेले असते. ज्याने ते छापले त्याने काही तरी विचार केलाच असेल आणि जो विचार त्याने केला तो आपण पुन्हा करणे म्हणजे त्याच्या कष्टांचा अपमान होय. त्या वाक्याखाली बारीक अक्षरांत ‘उपलब्धतेनुसार’ असा एक शब्द असतो. तो वाचण्यासाठी खिशातून चष्मा काढू नये. प्रवासात डोळ्यांना ताण देणे चांगले नसते.

डबा न नेण्यामागे इतिहासाचेही पाठबळ आहे. गाडीत जेवण मिळण्याची सोय नव्हती तेव्हा लोक मोठ्या स्थानकावर उतरून घाईघाईने जेवत. इंग्लंडमध्ये स्विंडन येथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४१ साली असा करार करून ठेवला होता की, नेहमीच्या सर्व गाड्यांनी तेथे सुमारे दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे उपाहारगृहवाल्याला गिऱ्हाईक मिळेल. त्या दहा मिनिटांत शेकडो प्रवासी, एक खिडकी आणि उकळता चहा यांचा जो संगम होत असे तो रेल्वेला इतका भावला, की त्यातून सुटका करून घेण्यासाठी तिने १८९५ साली मोठी रक्कम मोजली. त्याच रेल्वेचे अभियंते ब्रुनेल यांनी तेथील कॉफीबद्दल उपाहारगृहाच्या चालकाला एक खोचक पत्र लिहिल्याचे प्रसिद्ध आहे. पूल आणि बोगदे बांधणाऱ्या माणसालाही जेथे धड कॉफी मिळवता आली नाही, तेथे आपण आशावादी राहणे हेच शोभून दिसते. पुढे अमेरिकेत रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन यांनी १८६८ साली ‘डेल्मोनिको’ नावाची डायनिंग कार, म्हणजे जेवणाचा डबा, रुळांवर आणली आणि प्रश्न कायमचा मिटला. तो मिटलेलाच आहे असे समजून चालावे.

गाडीत चढल्यावर मात्र डायनिंग कारकडे धावत सुटू नये. तो उतावीळपणा दिसतो. आधी बर्थ शोधावा, सामान लावावे, चादरीची घडी मोडावी, खिडकीचा पडदा दोनदा वरखाली करावा, शेजाऱ्याशी हवेबद्दल बोलावे आणि मग पोटात कावळे ओरडू लागल्यावर सावकाश उठावे. तेवढ्यात आधीच्या तीस जणांनी जे गरम होते ते संपवलेले असते. रात्रीच्या गाडीत अन्न हे सुरुवातीच्या स्थानकावर, अंदाज बांधून, एकदाच भरले जाते. मधल्या स्थानकांवर रात्री दोन वाजता भाजी घेऊन कोणी उभे राहत नाही. त्यामुळे आपल्या वाट्याला मेनूचे कार्ड येते. ते छान चकचकीत असते. त्यातील पदार्थांची नावे एकेक करून विचारावीत आणि प्रत्येकाला ‘ते संपले’ असे उत्तर मिळाल्यावर पुढच्या नावाकडे वळावे. हा संवाद चांगला रंगतो आणि त्यात वीस मिनिटे सहज निघून जातात.

झोपण्यापूर्वी सकाळच्या न्याहारीचा फॉर्म भरायचा असतो. चहा की कॉफी, पाव कोणता, मुरांबा की लोणी अशा खुणा करताना मनाला जी तृप्ती मिळते तिला प्रत्यक्ष न्याहारीची सर येत नाही, म्हणून ती तेथेच पुरेपूर उपभोगून घ्यावी.

आता एक तांत्रिक बाब, जी ठाऊक असूनही विसरून जाणे उत्तम. बऱ्याच गाड्यांत सर्व डब्यांना वीज इंजिनाकडून मिळते. इंजिनाची किंवा वरच्या तारेची वीज गेली की शेगडी, पाणी तापवण्याचे भांडे आणि वातानुकूलन हे सारे एकदम मौन धारण करतात. डब्याखालच्या बॅटऱ्यांवर काही तास चालते ते एवढेच: मंद दिवे आणि ध्वनिक्षेपक. म्हणजे ज्या वेळी चहा मिळणे शक्य नसते, नेमक्या त्याच वेळी चहा का मिळू शकत नाही हे स्पष्ट, शांत आणि सुसंस्कृत आवाजात ऐकायला मिळण्याची सोय मात्र अबाधित असते. ही रचना ज्याने केली तो माणूस मोठा तत्त्वज्ञ असला पाहिजे.

काही गाड्या रात्रीतून फुटतात, तीही गंमत अनुभवण्यासारखी असते. लंडनहून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाकडे जाणारी रात्रीची गाडी एडिंबरा येथे पहाटे तीन भागांत विभागली जाते. एक भाग इनव्हरनेसकडे, एक ॲबर्डीनकडे आणि एक फोर्ट विल्यमकडे जातो. अशा गाडीत प्रवास करताना मध्यरात्री पाण्याची बाटली शोधत पायजम्यात पाच डबे पुढे जावे आणि तेथील रिकाम्या सीटवर जरा टेकावे. डोळा लागला तर अधिकच चांगले. सामान एका गावी आणि आपण दुसऱ्या गावी पोचलो, की आपल्या पायजम्याविषयी स्थानिक लोकांना वाटणारी आस्था पाहून माणुसकीवरचा विश्वास वाढतो.

गाडी कुठे तरी माळावर थांबली आणि दीड तास हलली नाही, तर घाबरून जाऊ नये, कारण अशा प्रसंगासाठी नियम आहेत. युरोपीय संघात ७ जून २०२३ पासून लागू असलेल्या प्रवासी हक्कांच्या नियमानुसार गाडीला ६० मिनिटे किंवा अधिक उशीर झाला, तर प्रवाशांना थांबण्याच्या वेळेच्या प्रमाणात जेवण आणि पेय विनामूल्य द्यायचे असते. हे वाक्य येथेच वाचायचे थांबवावे. पुढे वाचणाऱ्याला उगीचच असे आढळते की, हे जेवण गाडीत किंवा स्थानकात उपलब्ध असेल तर किंवा वाजवी प्रयत्नांनी आणता येणार असेल तर द्यायचे असते आणि ‘वाजवी’ ठरवताना पुरवठादार किती दूर आहे, आणायला किती वेळ लागेल व खर्च किती येईल हे विचारात घ्यायचे असते. माळावर उभ्या असलेल्या गाडीपासून पुरवठादार दूर असतो हे भूगोलात पहिल्याच धड्यात शिकवतात. मुक्कामाची वेळ आली तर हॉटेलची खोलीही मिळते, ‘जेथे आणि जेव्हा प्रत्यक्ष शक्य असेल’ तेथे आणि तेव्हा. उशिराच्या मिनिटामिनिटाच्या हिशेबात डोके घालण्यापेक्षा ढोबळ लक्षात ठेवावे: एक तासापुढे तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांपुढे ५० टक्के भरपाई. वादळ, महापूर यांसारखी असामान्य परिस्थिती आडवी आली तर तीही नाही. आता असामान्य काय आणि नेहमीचे काय, हा वाद घालण्यासाठी रात्र मोठी असते.

भारतात याहून सुटसुटीत व्यवस्था आहे. गाडीला चढण्याच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि प्रवास केला नाही, तर भाड्याचे पूर्ण पैसे परत मिळतात. अर्ज मात्र गाडी प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी करावा लागतो. म्हणजे जी गाडी येत नाही ती जाण्याच्या आत तिच्यात न बसण्याचा निर्णय घ्यायचा. अशा स्वच्छ विचारांची सवय लागली, की भूक आपोआप मागे पडते.

रात्रीच्या गाडीला जोडून सकाळी दुसरी गाडी पकडायची असेल तर दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढावीत, मध्ये वीस मिनिटे ठेवावीत. एकाच सलग तिकिटावर प्रवास केला तर पहिली गाडी उशिरा आली म्हणून चुकलेली दुसरी गाडी ही रेल्वेची जबाबदारी ठरू शकते आणि मग प्रवासातला सारा थरारच निघून जातो.

कधी कधी स्लीपरचा डबाच येत नाही, त्याऐवजी बसण्याचा डबा येतो. अशा वेळी ताठ बसून झोपण्याचे प्राचीन शास्त्र स्मरावे. कधी गाडी अलीकडच्याच स्थानकावर संपते आणि पहाटे साडेतीनला बस येईल असे सांगतात. बसमध्ये न्याहारी मिळेल का, असे विचारून कर्मचाऱ्याला हसवू नये. बिचारा आपल्यापेक्षा जास्त तास जागा असतो आणि त्याचाही डबा संपलेला असतो.

तरीही मन खट्टू झाले, तर पूर्वजांकडे पाहावे. १९२९ च्या हिवाळ्यात इस्तंबूलकडे निघालेली सिम्प्लॉन ओरिएंट एक्स्प्रेस तुर्कस्तानात चेर्केझकॉयजवळ बर्फात कित्येक दिवस रुतून बसली होती. १३ जानेवारी १९५२ रोजी अमेरिकेत सिएरा नेवाडाच्या डोंगरात ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही ऐटबाज गाडी २२६ माणसांसह बर्फात अडकली. डबे तापवण्याचे इंधनही संपले आणि माणसे बाहेर निघाली ती तीन दिवसांनी. त्या गाडीला डायनिंग कार होती. तेव्हा आपण तर केवळ चार तास थांबलो आहोत आणि बाहेर साधा पाऊस आहे.

मी स्वतः हे सारे सल्ले काटेकोर पाळत आलो आहे. मागे एकदा अशीच गाडी रात्री दोनच्या सुमारास थांबली आणि उजाडले तरी थांबलेलीच होती. कँटीनमध्ये साखरेच्या पुड्या शिल्लक होत्या. समोरच्या बर्थवर एक आजी होत्या. त्यांचा व्यवस्थेवर काडीचाही विश्वास नव्हता हे त्यांच्या पिशवीच्या आकारावरूनच कळत होते. उकडलेली अंडी, मीठ लावलेले बटाटे, पाव, सफरचंदे, पाण्याच्या तीन बाटल्या आणि कागदाचे रुमाल, असा तो सगळा अविश्वास त्यांनी बर्थवर पसरला आणि कूपेतल्या आम्हा चौघांना, नंतर शेजारच्या कूपेतल्या दोन मुलांना आणि शेवटी ध्वनिक्षेपकावर क्षमा मागून मागून घसा बसलेल्या अटेंडंटलाही वाढला. “तुम्ही काहीच आणलं नाहीत?” असे त्यांनी मला विचारले. मी तिकिटावरील ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती खालपर्यंत वाचली आणि मला दुसरे अंडे दिले.

घरी आल्यावर मी भरपाईचा अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता: ‘विलंबाच्या काळात आपल्याला अन्न व पेय मिळाले का?’ उत्तरासाठी ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन होते. कोणाकडून मिळाले हे लिहायला जागा नव्हती. खोटे कशाला लिहायचे, म्हणून मी ‘होय’वर खूण केली. महिन्याभरात उत्तर आले. विलंबकाळात आमच्या खानपान व्यवस्थेचा आपण लाभ घेतल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते आणि सोबत पुढच्या प्रवासातील एका गरम पेयाचे कूपन जोडले होते. कूपनावर खाली बारीक अक्षरांत एक शब्द छापलेला आहे. मी चष्मा काढलेला नाही.