व्हीनियल म्हणजे नुसतं किरकोळ नाही

'व्हीनियल' (venial) या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. "व्हीनियल म्हणजे किरकोळ चूक, एवढ्यासाठी लॅटिन आणि चर्च कशाला? डिक्शनरी उघडायचे कष्ट घेतले असते तर आमचा वेळ वाचला असता." पटलं नसेल तर तसं सांगा ना, पण 'कष्ट घेतले असते तर' ही काय बोलायची पद्धत झाली? माझी हयात भाषांतरात आणि प्रुफं तपासण्यात गेली. एका पुस्तकात 'व्हीनियल सिन'चं 'किरकोळ पाप' होऊन छापायला चाललेलं, तेव्हा संपादकांशी भांडून मी ते 'क्षम्य पाप' करून घेतलंय. मला डिक्शनरी उघडायला सांगताय तुम्ही!

एक मान्य, आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा छोट्या चुकांनाच लावतात. पण चूक छोटी असणं वेगळं आणि ती माफ करता येणं वेगळं. लॅटिनमध्ये 'वेनिया' म्हणजे क्षमा, शब्द आला तिथून, चुकीच्या आकारावरून नाही. आणि चर्च मी हौसेनं आणलेलं नाही, हा शब्द रुळला तोच तिथे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे पाप 'मॉर्टल' (घातक, व्हीनियलच्या उलट) ठरायला तीन गोष्टी एकदम लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरतं माहीत हवं आणि त्यानं ते आपल्या मर्जीनं केलेलं हवं. जाणीव किंवा मर्जी अपुरी असली तर बाब गंभीर असूनही पाप व्हीनियलच. मग तिथे 'किरकोळ' कसं बसवणार? कुणी धाकापोटी खोटी साक्ष दिली आणि दुसऱ्याचं वाटोळं झालं, तर ते वाटोळं किरकोळ होतं का? नाही होत, पण देणाऱ्याचा दोष मात्र हलका धरला जाऊ शकतो. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही हो, 1551 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं सांगितलं की मॉर्टल पापं आठवतील तेवढी सगळी कबुलीत सांगायलाच हवीत, व्हीनियल सांगणं चांगलं पण सक्ती नाही. म्हणजे माणसानं पाद्र्यापुढे काय बोलायचं, काय नाही, ते या फरकावर ठरत होतं.

लेखातला 'व्हीनल'वाला (venal, म्हणजे लाचखोर) भाग तुम्हाला पाल्हाळ वाटला, वाटू दे. लाचखोर अधिकाऱ्याबद्दल लिहिताना एक आय जास्तीचा पडला की तो क्षम्य होऊन बसतो, म्हणून तो भाग मी काढणार नाही.

बाकी लेखाची लांबी, माझी शैली वगैरे, त्यावर मी काही बोलत नाही. 'किरकोळ'च बरोबर म्हणत असाल तर वर सांगितलेल्या खोट्या साक्षीला तो शब्द लावून दाखवा.