आधी आकडा, मग पुरावा

अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, फॉर्म वाचतात वरून खाली, पण आम्ही मॅनेजर लोक तो भरतो खालून वर. आधी शेवटच्या चौकटीतला आकडा, म्हणजे रेटिंग, मनात ठरतो, मग त्याला शोभेल असा मजकूर वरच्या रकान्यांत बसवायचा.

तो आकडा येतो कुठून? कागदोपत्री केआरए (वर्षासाठी ठरवून दिलेली मुख्य कामं), डेडलाइन, हजेरी, ग्राहकांच्या तक्रारी आणि सेल्फ अप्रेझल यांतून. सेल्फ अप्रेझलमध्ये खरा राबणारा दोन ओळी खरडतो आणि उरलेले सव्वा पान भरून ‘समन्वय साधतात’. प्रत्यक्षात बरीचशी माहिती लिफ्टमध्ये मिळते. शेजारच्या विभागाचा मॅनेजर तिसऱ्या मजल्यावर उतरता उतरता म्हणतो, “तुमचा तो मुलगा जरा आखडू आहे, नाही?” झालं! पुढे त्या मुलाने मीटिंगमध्ये साधा प्रश्न विचारला तरी तो आखडूपणाच दिसतो.

त्यात वर्ष बारा महिन्यांचं आणि आमची आठवण जेमतेम शेवटच्या दोन महिन्यांची. पहिल्या तिमाहीत रात्रभर जागून सर्व्हर उभा करणारा विसरला जातो. परवाच्या रिपोर्टमध्ये तारीख चुकवणारा मात्र लख्ख आठवतो.

हा रोग जुना आहे. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवलं, की लष्करी अधिकारी हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण जवळजवळ एकाच मापाने वाटतात. देहयष्टी भारदस्त, म्हणजे चारित्र्यही भारदस्तच! 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर रेटिंगमधल्या फरकांपैकी निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेचा निघाला. फॉर्मवर नाव कर्मचाऱ्याचं, परीक्षा आमची.

म्हणून कानावर आलेलं सगळं सोडून द्यावं का? मुळीच नाही. नव्या माणसाला काम कोण शिकवतं, कोणाच्या चुका दुसरे गुपचूप निस्तरतात, हे कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही. फक्त सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: “तुम्ही स्वतः पाहिलंत का? आणि कधी?” निम्म्या बातम्या पहिल्याच प्रश्नाला गळतात. उरलेल्यांची त्याच आठवड्यात चार ओळींची नोंद करावी: तारीख, प्रसंग, त्याने नेमकं काय केलं, परिणाम काय झाला. ‘आखडू’ ही नोंद नव्हे. ‘बदललेलं वेळापत्रक टीमला कळवलं नाही, म्हणून दोघांचं काम दुबार झालं’ ही नोंद. आणि ती त्या माणसाला तेव्हाच सांगावी. वर्षाअखेर बंद दाराआड “काही लोकांचं म्हणणं आहे की...” अशी सुरुवात केलीत, तर समोरचा पुढचं एक अक्षर ऐकत नाही; तो मनातल्या मनात ‘काही लोकां’ची यादी करत बसतो.

एवढं करून फॉर्म भरला, की कॅलिब्रेशन मीटिंग: सगळे मॅनेजर एकत्र बसून एकमेकांची रेटिंग ताडून पाहतात. तिथे बेल कर्व्ह असतो: थोडे वर, बरेचसे मध्ये, थोडे तळाला, अशी आधीच ठरलेली वाटणी. म्हणजे सगळी टीम चांगली असली तरी कोणीतरी वाईट निघालंच पाहिजे. नोंदवही आणणाऱ्याचा माणूस चारवर टिकतो. “पण तो मेहनती आहे हो” एवढंच बोलणाऱ्याचा माणूस तीनवर घसरतो. मग तो मॅनेजर रात्री पुन्हा फॉर्म उघडतो, ‘उत्कृष्ट’ खोडून ‘समाधानकारक’ करतो, दुसऱ्याच्या फॉर्ममधली दोन वाक्यं उचलून चिकटवतो आणि सबमिट दाबतो. सकाळी एका दाढीवाल्या इंजिनिअरला कळतं, की ‘तिने’ संवादकौशल्य वाढवण्याची गरज आहे.