‘गहू-दूध सोडा, रक्त थांबेल’ म्हणे... अरे पण रक्त येऊन कुठून राहिलं ते तर पहा आधी

सध्या आमच्या इकडच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. संडासवाटे रक्त पडणं म्हणजे शरीराला अन्न सोसत नाही, २१ दिवस गहू आणि दूध बंद करा, रक्त थांबलं तर समजा तेच कारण होतं, बाकी मूळव्याध म्हणजे निव्वळ उष्णता, काळी संडास झाली तर घाबरू नका ती आयर्नच्या गोळ्यांची असते, आणि डॉक्टरनं दुर्बिणीचं (एंडोस्कोपीचं, म्हणजे नळीनं पोट-आतडं आतून पाहायचं) नाव काढलं की उठून या, असा सगळा मजकूर. मी काही डॉक्टर नाही, तालुक्याच्या गावी लॅबमध्ये बसतो, पण लोक काडेपेटीत नमुना घेऊन येतात आणि सोबत मोबाईलवर हा मेसेज दाखवतात, म्हणून लिहायला बसलो.

दुधाचं आधी उरकून टाकू. मोठेपणी दूध न पचणं आपल्याकडे भरपूर लोकांना आहे, दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम कमी पडतं, मग पोट फुगते, गुडगुडते, पातळ होते. पण रक्त? नाही. त्यानं आतड्याला जखम होत नाही. दुधानं खरंच रक्त येते ते तान्ह्या बाळांना, गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असली तर शीवर रक्ताचे धागे दिसतात, आईनं गाय-म्हशीचं दूध खाल्लं तरी तिच्या दुधातून ते बाळापर्यंत जाऊ शकते. ते बालरोगतज्ज्ञाकडचं काम आहे. साठीच्या आजोबाला तो नियम कसा लावता बावा?

आता गहू. गव्हाचा खरा आजार आहे, सिलियाक. त्यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, रक्त कमी होते, वजन उतरते, पोरं वाढत नाहीत. पण त्यात एचबी (हिमोग्लोबिन) कमी होते ते मुख्यतः लोह शोषलं जात नाही म्हणून, डोळ्यांनी दिसेल असं लाल रक्त पडणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही. आणि मेसेजमधली सगळ्यात वाईट गोष्ट इथंच आहे. सिलियाकची रक्ततपासणी, टीटीजी म्हणतात तिला, ती गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. महिनोन्महिने पोळी बंद ठेवून आलात तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, मग डॉक्टर सांगतात की पुन्हा निदान दीड महिना रोज गहू खा अन् मग या. म्हणजे ज्याला खरंच गहू चालत नाही त्याचंच निदान हा मेसेज लांबवून राहिला.

‘पण आमच्या काकांचं थांबलं ना!’ हो, थांबलं असेल, मी कुठं नाही म्हणतो. काकांनी गहू सोडला म्हणजे काय सोडलं ते पहा: सकाळचा टोस्ट, मैद्याची खारी, दुपारचं बिस्किट, लग्नातल्या पुऱ्या. त्याजागी आली ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, आणि नवा नेम म्हणून तांब्याभर पाणी. संडास मऊ झाली, जोर लावणं बंद झालं, फिशरची, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर भरून आली. काम केलं ते मऊ संडासनं, नाव झालं गव्हाचं. दुसरं म्हणजे आतलं रक्त रोज पडतच नाही. मूळव्याध आठ दिवस पडते, महिनाभर गप बसते. आतड्यातला कोंब (पॉलिप) असो की कॅन्सरची गाठ, तेही थांबून थांबून रक्त सोडतात, आणि त्या गॅपमध्ये तुम्ही जे काही सोडलं असेल त्याला श्रेय जाते, गहू सोडा, वांगं सोडा, नाहीतर शनिवार धरा.

उष्णतेचं सांगतो. तर्री खाल्ली की खालून जळजळ होते हे सगळ्यांना माहीत आहे, मिरची असलेल्या जखमेला झोंबते, ती जखम पाडत नाही. जठरातल्या अल्सरची मोठी कारणं दोन, एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू (तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं) आणि दुसरं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. हे दुसरं आपल्या गावात घरोघरी आहे. कापूस वेचणीच्या दिवसात एक बाई लॅबमध्ये आली, तळहात खडूसारखे पांढरे, पायऱ्या चढताना धाप, एचबी साडेसहा. घरच्यांचं म्हणणं, ‘हिचा सिकलसेलचा एएस पॅटर्न आहे, त्याच्यानं असन.’ अहो, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात एएस म्हणजे वाहक, नुसतं वाहक असल्यानं एचबी साडेसहावर येत नाही. पिशवीतून गोळ्यांचा पत्ता निघाला, डायक्लोफेनॅक, कंबर दुखते म्हणून रोज कामाले जायच्या आधी एक, तेही कोऱ्या चहावर. आणि संडास? ‘काळीच होते, पण आयर्नच्या गोळ्या चालू हायेत ना.’

तर काळ्या संडासबद्दल. आयर्ननं रंग काळपट-हिरवट होतो हे खरं आहे. पण डांबरासारखी चिकट, चकाकणारी, घाण वेगळाच वास मारणारी संडास म्हणजे बहुतेक वेळा वरचं, जठराकडचं रक्त पचून खाली आलेलं असते. ते लाल दिसत नाही म्हणूनच लोक फसतात. त्यासोबत चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असेल किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. दारू पिणाऱ्याच्या घरी तर हे पाठच असलं पाहिजे, लिव्हर सुकलं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात.

त्या मेसेजखाली एका ‘फूड इनटॉलरन्स’ किटची लिंकपण असते, रक्ताचा थेंब द्या अन् शेकडो पदार्थांची यादी घ्या. त्यात आयजीजी नावाची रक्तातली अँटीबॉडी मोजतात, आणि आयजीजी एवढंच दाखवते की तो पदार्थ तुम्ही खात असता. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटना या कामासाठी ती करू नका म्हणतात. आमच्या लॅबला कमिशन मिळालं असतं, तरी सांगून राहिलो. वरून तूरडाळ, शेंगदाणा, अंडी अशी लांबलचक लाल यादी हातात पडते आणि आधीच एचबी नसलेला माणूस वरण खाणंही सोडतो.

राहिली दुर्बीण. पहिल्याच दिवशी कोणी दुर्बीण टाकत नाही हो. आधी विचारपूस, मग गुदद्वाराची बोटानं तपासणी (लाज वाटते, दोन मिनिटांत होते), सीबीसी म्हणजे रक्तपेशी अन् एचबीची साधी तपासणी. पंचेचाळिशी ओलांडली असेल, वजन उतरलं असेल, संडासची सवय बदलली असेल, शेंब मिसळून रक्त येत असेल, किंवा पुरुषाचं एचबी कारण नसताना कमी असेल, तर दुर्बीण टाळू नका. बस स्टँडवरच्या ‘बिना ऑपरेशन मूळव्याध’ वाल्या बोर्डाखाली काही महिने घालवून मग येणारे मी पाहतो. आणि दुर्बीण फक्त पाहत नाही, वाहणारा अल्सर तिथंच बंद करता येतो, कोंब काढता येतो, फुगलेल्या शिरेला रबर बांधता येते. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला इथलं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जे जवळ पडेल तिथं जा. वरच्या, म्हणजे तोंडातून टाकायच्या दुर्बिणीला उपाशीपोटी बोलावतात, खालच्या, गुदद्वारातून टाकायच्या दुर्बिणीसाठी आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागते, ते पूर्ण प्या, अर्धं फेकलं तर पुन्हा बोलावतील. सोबत एक माणूस न्या, आणि कंबरेच्या, गुडघ्याच्या, डोकं दुखायच्या ज्या काही गोळ्या घरात असतील त्यांचे रिकामे पत्तेसुद्धा पिशवीत टाका, डॉक्टर पहिले तेच विचारतील.