बंड्याच्या जंतांचा मुहूर्त

सोमवारी ऑफिसला दांडी झाली आणि बॉसला कारण काय सांगू हे मला अजून सुचलेलं नाही, कारण खरं कारण जंत हे आहे. माझे नाहीत हो, बंड्याचे. म्हणजे बंड्यालाही नाहीयेत, पण फ्रान्समधून ब्रिटनमध्ये परत येणाऱ्या कुत्र्याला जंत असोत नसोत, जनावरांच्या डॉक्टरनं पट्टकृमीची (हा एक प्रकारचा जंत) गोळी द्यावीच लागते, आणि तीसुद्धा ब्रिटनमध्ये पाऊल ठेवायच्या कमीत कमी २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास आधी. आमच्या लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी वीस मिनिटं इकडेतिकडे केला होता, कुणी काही बोललं नाही.

आम्ही लंडनजवळ स्लाउला राहतो. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवाले, बंड्या जन्मानं ब्रिटिश, लॅब्रेडॉर. युरोपात जायच्या शेंगेन व्हिसासाठी आमची बँक स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, बोटांचे ठसे सगळं झालं, बंड्याला व्हिसा नाही म्हणून तो सोफ्यावरून आमच्याकडे बघत होता. पण त्याचंही फार काही बरं चाललेलं नाही. पूर्वी इथल्या कुत्र्यांना पासपोर्ट असायचा, ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ पासून युरोपात तो चालेनासा झाला, आता दर ट्रिपला नवं सर्टिफिकेट, निघायच्या आधी दहा दिवसांच्या आत काढलेलं, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत, पानापानावर शिक्के. आम्हा दोघांच्या व्हिसाची फी माणशी ९० युरो, आणि एकट्या बंड्याच्या कागदाचे १८५ पाउंड! बायको म्हणाली, "पुढच्या वेळी तो जाईल, आपण घरी थांबू."

शिवाय ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दूध न्यायला बंदी. म्हणजे बंड्याचं खाणं तिकडे जाऊन विकत घ्यायचं. २०२१ साली तर हॉलंडच्या बंदरावर ड्रायव्हर लोकांची हॅम सँडविचेस काढून घेतली होती, टीव्हीवर दाखवलेलं. आमच्याकडे होत्या दशम्या. आता दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असतं, मग ती दूध धरायची की पोळी, यावर एम-२० हायवेवर इतका वाद झाला की शेवटी मेडस्टोन यायच्या आतच सगळ्या खाऊन टाकल्या, आणि बंड्यानं त्यात तीन मारल्या.

इंग्लंडमधलं डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले, बोटीची फेरी दीड तासाची. बंड्या खाली गाडीत, आपण वर कॉफी पीत बसायचं, आणि मधे खाली जायला बंदी. लाउडस्पीकरवर सांगतात की अमुक नंबरच्या गाडीचा अलार्म वाजतोय. तो नंबर आपला आहे हे ऐकून आपला नसल्यासारखा चेहरा करून मी दीड तास समुद्र बघितला. असो.

फ्रान्समधल्या आमिअँजवळच्या गावात आठवडा मजेत गेला. शुक्रवारी तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी गोळी चारली, कागदावर सही केली, शिक्का मारला आणि बंड्याचे कान ओढून लाड केले. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "जंतांना गोळी कशाला, वावडिंग द्या ना. तुला दर श्रावणात देत होते." मग म्हणे, "आणि तुम्हाला नाही का विचारत, तुम्हाला झालेत का ते?" मी विषय बदलला.

रविवारी दुपारी परतीसाठी कॅले बंदर. बूथमधल्या पोरीनं कागद घेतला, कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची चिप वाचायचं यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुम्हीच फिरवा. हो, तिथे ते आपणच फिरवायचं असतं. आता बंड्याची चिप मानेतून सरकून खांद्यात कुठेतरी गेलीये आणि अनोळखी यंत्र बघून तो गाडीत गोल गोल फिरायला लागला. बीप काही येईना. मागे रांग. शेवटी मी त्याला घेऊन खाली उतरलो आणि तिथेच आमचा सत्यानाश झाला.

कारण मागच्या कॅरॅव्हॅनमधून एक आजोबा उतरले. हाफ चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, एका काखेत डाशहुंड आणि दुसऱ्या काखेत फाइल. फाइलमध्ये प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला. असा माणूस पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक असतो, तो सेक्रेटरी असतो किंवा सेक्रेटरीवर केस करणारा असतो. म्हणाले, "मी मदत करतो, माझी ही एकतिसावी फेरी." मी यंत्र त्यांच्याकडे दिलं. एका फटक्यात बीप. मी मनापासून थँक्यू म्हटलं, ही माझी चूक. त्यांना वाटलं अजून हवंय.

"तुम्हा लोकांना माहीत नसेल," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. हे 'तुम्हा लोकांना' कुणाला होतं ते मी अजून ठरवतोय, लॅब्रेडॉरवाल्यांना असेल असं धरून चालतो. तर २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्याला ब्रिटनमध्ये सहा महिने क्वारंटाइनमध्ये ठेवायचे, सहा महिने! त्यांची एक मावशी दर रविवारी तिच्या कुत्र्याला भेटायला जायची, तुरुंगात जातात तशी. मावशीचं नाव, कुत्र्याचं नाव, मावशी काय न्यायची, सगळं ऐकवलं. बूथमधली पोरगी तोवर शिक्का उचलून बसली होती. मी डोळ्यांनी बघितलंय, शिक्का हवेत होता. आणि आजोबांनी सहज, अगदी शेजारच्याच्या ताटात डोकवावं तसं, आमच्या कागदात डोकावलं.

"अरेरे," ते म्हणाले. "तारीख आहे. पण वेळ कुठाय?"

पोरीनं बघितलं. मी बघितलं. बंड्यानंसुद्धा बघितलं. डॉक्टरीणबाईंनी तारीख लिहिली होती, वेळ लिहिलीच नव्हती.

मी म्हटलं, शुक्रवारची तारीख आहे, आज रविवार, कशीही मोजा, २४ तास होऊन गेलेत की. आजोबा बोटांवर मोजायला लागले. मग मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण रकाना रिकामा आहे ना." पोरीनं शिक्का खाली ठेवला. फार नाइलाजानं ठेवला बिचारीनं. तिला ते दिसलंच नसतं हो!

"मी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं," आजोबा म्हणाले. "पलीकडे पकडलं असतं तर?" असतं तर असतं! बघितलं असतं मी! पुढच्या पाच मिनिटांत ते, डाशहुंड आणि लॅमिनेटेड फाइल फेरीत चढले, जाताना हात केला. बायकोनं उलट हात केला, त्यावरून आमचं वेगळं भांडण झालं.

आधीच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दीडशे किलोमीटर मागे आणि रविवारी बंद. मग इमर्जन्सीवाला डॉक्टर शोधला. परत गोळी, वर ९५ युरो. दोनदा दिली तर चालते का विचारलं, चालते म्हणाला. वेळ लिहा, वेळ लिहा असं मी इतक्यांदा म्हटलं की त्यानं १६.४० हे आकडे जवळजवळ इंचभर उंच काढले. त्यापुढे २४ तास. कुत्रा चालेल असं हॉटेल मिळालं, त्यात बंड्याचे वेगळे १५ युरो लावले आणि पलंग मात्र एकच, ज्यावर तो आडवा झोपला.

सोमवारी संध्याकाळी परत तोच बूथ, दुसरी पोरगी. चिपला पहिल्या झटक्यात बीप. तिनं कागद उघडला, बंड्याकडे बघून हसली, शिक्का मारला आणि कागद परत दिला. वेळेचा रकाना असलेलं पान तिनं उलटलंसुद्धा नाही.

"वेळ बघा ना," मी म्हटलं.

"काय?"

"वेळ. लिहिलीये. १६.४०. मोठ्या अक्षरात आहे."

ती म्हणाली, "चला, पुढे घ्या, लेन नंबर ७४." मी कागद खिडकीतून परत आत सरकवत होतो, मागचा हॉर्न वाजवत होता आणि बायको म्हणत होती, अरे चल ना आता, चल.