तीन मिनिटांत गाठ विरघळते म्हणे!

मावशीचा फोन आला तेव्हा वाटलं, केमोनंतरच्या मळमळीबद्दल काही विचारायचं असेल. तिने विचारलं, "उरलेल्या दोन नाही घेतल्या तर चालेल का गं? ते चीनच्या व्यायामाचं आलंय बघ, तुलाही पाठवलंय." पाठवलं होतंच. आधी तिने, मग आतेभावाने, मग शाळेतल्या एका मैत्रिणीने. ठळक अक्षरं, हात जोडलेले इमोजी आणि खाली एक व्हिडिओ.

मजकूर थोडक्यात असा: चीगाँग, म्हणजे सावकाश हालचाली आणि श्वसनाचा व्यायाम, हे पाच हजार वर्षं जुनं चिनी शास्त्र आहे. त्यातल्या श्वसनाने पेशीपेशीत ऑक्सिजन भरतो, आणि ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगत नाही हे नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. चीनमधल्या एका 'औषधाविना रुग्णालयात' तीन मिनिटांत गाठ विरघळली, पुरावा सोबत. गुरू लांबूनही ऊर्जा पाठवू शकतात. दुष्परिणाम शून्य. मग केमोचं विष कशाला?

आधी तो व्हिडिओच घेते, कारण मावशी त्यालाच भुलली. एक बाई झोपलेल्या, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब, आजूबाजूला उभी माणसं एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटताहेत. पडद्यावर मूत्राशयातली गाठ लहान होत होत दिसेनाशी होते. टाळ्या.

सोनोग्राफी म्हणजे पोटाचा फोटो नव्हे. प्रोब ज्या कोनात धराल, तेवढा एक पातळ काप पडद्यावर दिसतो. हात जरा कलला की आत्ता दिसणारी गाठ पडद्याबाहेर जाते, पोटातून नाही. ती गाठ कॅन्सरचीच होती हे सांगणारी बायोप्सी कुठे आहे? दुसऱ्या दिवशीची तपासणी? सहा महिन्यांनंतरची? काहीच नाही. ज्या चमत्काराने जगभरातले कॅन्सर विभाग ओस पडायला हवेत, त्याचा एवढाच पुरावा: एक क्लिप.

बरं, समजा, खरंच विरघळली. मग ती गेली कुठे? शरीरात गाठीच्या पेशी एकदम फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उतरतं, युरिक ॲसिड चढतं. याला ट्यूमर लायसिस सिंड्रोम म्हणतात. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये औषधाने पेशी झपाट्याने मरतात तेव्हा हे होतं, आणि डॉक्टर त्याला इतके वचकून असतात की आधीपासून सलाईन आणि औषधं देऊन ठेवतात. हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. तेही तासा-दिवसांत घडतं, मिनिटांत नाही. एवढी मोठी गाठ तीन मिनिटांत खरंच विरघळली असती, तर त्या बाईंना टाळ्यांची नाही, आयसीयूची गरज पडली असती.

आता 'विष कशाला' हे वाक्य. माझा राग मुख्यतः याच्यावर आहे. व्हिडिओ मूर्खपणाचा आहे, हे वाक्य जीवघेणं आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींमधून 281 रुग्ण वेगळे काढले. स्तन, फुप्फुस, मोठं आतडं किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर, शरीरात इतरत्र न पसरलेला, म्हणजे उपचारांना वाव असलेला. या लोकांनी शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, हार्मोनचे उपचार सगळं नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या, तशाच 560 रुग्णांशी केली. पर्यायी गटात मृत्यूची जोखीम अडीचपट निघाली. एकट्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

ते सगळे चीगाँग करत होते असं नाही. मावशीची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे तो आकडाही तिला जसाच्या तसा लागू नाही. हे मी तिला सांगितलं. पण उरलेल्या दोन केमो टाळायच्या की नाही हे तिचे डॉक्टर तिचे रिपोर्ट बघून ठरवतील, हात जोडलेल्या इमोजीवाला फॉरवर्ड नव्हे.

ऑक्सिजनचं प्रकरण. ते नोबेलवाले म्हणजे ओटो वारबुर्ग. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एंझाइमवरच्या कामासाठी, कॅन्सर बरा केल्याबद्दल नाही. कॅन्सरच्या पेशींवर त्यांनी काम केलं हे खरं, पण त्यांना दिसलं ते असं की या पेशी ऑक्सिजन पुरेसा असतानाही साखर आंबवून ऊर्जा मिळवत राहतात. ऑक्सिजन असतानाही! मेसेजच्या बरोब्बर उलट. शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच 95 टक्क्यांच्या वर असतो, तिथे आणखी किती भरणार? जोरजोरात श्वास घेतलात तर कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं गरगरतं आणि बोटांना मुंग्या येतात. त्यालाच काही जण 'ऊर्जा जाणवली' म्हणतात.

लांबून ऊर्जा पाठवण्याची परीक्षा झालेली आहे. 1988 मध्ये अशा दाव्यांची तपासणी करणारं अमेरिकेतलं एक पथक चीनला गेलं, त्यात जादूगार जेम्स रँडीही होते. गुरू एका खोलीत, रुग्ण दुसऱ्या. ऊर्जा कधी पाठवायची ते नाणं उडवून ठरवलं. रुग्ण तळमळत, हातपाय हलवत राहिला, पण गुरू पाठवत असोत वा नसोत, त्याचा मेळ काही बसला नाही.

पाच हजार वर्षं? चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यात सापडलेलं व्यायामाच्या 44 आकृत्यांचं रेशमी चित्र इसवी सनपूर्व 168 च्या आधीचं आहे. ते पुरेसं जुनं आहे, फुगवायची गरज नाही. उपचारपद्धती म्हणून 'चीगाँग' हे नाव मात्र 1950 च्या दशकात ल्यू क्वेइचन यांच्यासारख्या चिनी उपचारकांनी रुजवलं. आणि 'दुष्परिणाम शून्य' म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 1994 च्या वर्गीकरणात चीगाँगच्या अतिरेकातून होणाऱ्या मनोविकाराची स्वतंत्र नोंद होती. दुर्मिळ आहे, पण शून्य नाही.

आता, नाइलाजाने, जे खरं आहे ते. सिडनीच्या संशोधकांनी 2010 मध्ये 162 कॅन्सर रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे चीगाँग केलेल्यांचा थकवा कमी झाला, मन जरा ताळ्यावर आलं. पण हे सगळं नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, आणि तुलना काहीच जास्तीचं न करणाऱ्यांशी. म्हणजे 'ची'मुळे, त्या तथाकथित ऊर्जेमुळे, बरं वाटलं, की हलल्या-डुलल्यामुळे आणि चार माणसांत गेल्यामुळे, ते त्यातून कळत नाही. त्याचंच भावंड असलेल्या ताई ची या चिनी व्यायामामुळे म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी होतं, याचा पुरावा तर चांगला भक्कम आहे. सावकाश हालचाल, तोल, श्वासाकडे लक्ष. याला कुणाचा विरोध आहे?

मावशीने पुढची केमो घेतली. एक राहिलीय. 'बा त्वान चिन' नावाचा प्रकार, म्हणजे किनखाबाचे आठ तुकडे, तिला मीच शोधून दिला आणि आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून घेतला. पहिल्या तुकड्यात दोन्ही हात डोक्यावर न्यायचे असतात. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात अजून कानापर्यंतच जातो. केमोच्या आठवड्यात ती खुर्चीवर बसून करते, आणि कंटाळा आला तर पाचव्या तुकड्यानंतर सरळ चहा टाकते.