‘कासाब्लांका’ नशिबाने तरलेला नाही

‘कासाब्लांका’ या १९४२ च्या हॉलिवूड चित्रपटाविषयी एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा, की हा चित्रपट योगायोगाने जमून गेला. पटकथा रोजच्या रोज लिहिली जात होती आणि शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. नायक म्हणून भलताच नट येणार होता. आज तो टिकून आहे तो जुन्या काळाच्या हळव्या आठवणींमुळे आणि कृष्णधवल चित्रणाच्या मोहिनीमुळे. एरवी ती एका मद्यगृहाच्या मालकाची विफल प्रेमकहाणी आहे आणि युद्ध नुसते मागच्या पडद्यावर रंगवलेले आहे. हा मजकूर कौतुकाच्या सुरात लिहिलेला असल्यामुळे सहज खरा मानला जातो. मला मात्र तो चित्रपट घडवणाऱ्या माणसांवर अन्याय करणारा वाटतो, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

आधी शेवटाविषयी. १९४२ च्या मे ते ऑगस्ट या काळात चित्रीकरण चालू असताना पटकथेची पाने बदलत होती, हे खरे आहे. नायिका इल्साचे प्रेम नेमके कोणावर आहे, मद्यगृहाचा मालक रिक याच्यावर की नाझींविरुद्ध लढणारा नवरा लाझ्लो याच्यावर, या प्रश्नाला दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांच्याकडून ठाम उत्तर मिळाले नाही, असे इल्साची भूमिका करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमन यांनी स्वतःच सांगितले आहे. परंतु एवढ्यावरून शेवट अधांतरी होता असे ठरत नाही. मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांच्या ज्या नाटकावरून हा चित्रपट घेतला, त्यातही रिक नायिकेला लाझ्लोबरोबर पाठवून देतो आणि स्वतः मागे राहतो. शिवाय विवाहित स्त्रीने नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर निघून जावे, हे हॉलिवूडच्या तत्कालीन आचारसंहितेत बसण्यासारखे नव्हते. त्यामुळे तिने कोणाबरोबर जावे, यापेक्षा ‘मी कोणासाठीही मान पुढे करत नाही’ असे बजावणारा रिक तिला पाठवायला तयार कसा होईल आणि प्रेक्षकाला ते पटेल कसे, हाच लेखकांपुढचा खरा पेच होता.

तो पेच विमानतळावरील शेवटच्या दृश्याच्या पुष्कळ आधी सुटतो. बल्गेरियातून पळून आलेली एक नवविवाहिता रिकला विचारते, की एखाद्या बाईने नवऱ्याच्या सुखासाठी वाईट कृत्य केले आणि ते कायम मनात दडवून ठेवले, तर तो तिला क्षमा करील का. आपल्यावर एवढे प्रेम कोणी केले नाही, असे म्हणून रिक तिला झटकतो. मग तो फिरत्या चाकाच्या जुगाराच्या टेबलाशी जाऊन तिच्या नवऱ्याला २२ या आकड्यावर पैसे लावायला सांगतो. रिकच्या कर्मचाऱ्याच्या करामतीने चेंडू २२ वर थांबतो, पैसे तिथेच राहू देतात आणि चेंडू पुन्हा २२ वर येतो. पैसे उचल आणि परत येऊ नकोस, एवढेच रिक बोलतो. शेवटी रिक जे करणार आहे, ते इथे छोट्या प्रमाणात करून दाखवलेले आहे. हे नशिबाने जमत नाही. ज्यूलियस आणि फिलिप एपस्टाइन हे बंधू आणि हॉवर्ड कॉच यांच्यासारखे लेखक ते जमवतात.

नायक म्हणून येणारा तो भलताच नट म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन, ही गोष्ट दोन वाक्यांत संपते. जानेवारी १९४२ मध्ये स्टुडिओने त्यांचे नाव असलेली बातमी सोडली होती, पण ती नटांची नावे चर्चेत ठेवण्याच्या नित्याच्या प्रसिद्धीचा भाग होती. निर्माते हॅल वॉलिस यांच्या मनात रिक म्हणून हम्फ्री बोगार्टच होते.

हळव्या आठवणींचा मुद्दा तर तारखांपुढे टिकतच नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथील ब्रॅटल चित्रपटगृहात १९५७ पासून, ऐन परीक्षेच्या दिवसांत, हा चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवला जाऊ लागला आणि हार्वर्डचे विद्यार्थी संवाद पडद्याबरोबर म्हणू लागले. १९४३ च्या जानेवारीत तो सर्वत्र प्रदर्शित झाला, तेव्हा ही मुले जेमतेम शाळेत जाऊ लागली असतील. त्यांना कोणत्या जुन्या आठवणी येणार होत्या?

कृष्णधवल चित्रणाला मोहिनी म्हणणे म्हणजे कारागिरीला अत्तर समजणे होय. आर्थर एडेसन यांच्या छायाचित्रणात खिडक्यांच्या झडपांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या माणसांना जणू गजाआड उभे करतात. शेवटच्या दृश्यातील विमान म्हणजे छोट्या आकाराचा देखावा आहे. धुके आणि काळोख यांच्यामुळेच तो खरा वाटतो. १९८८ मध्ये याची रंगीत आवृत्ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, पण लोकांनी जपली ती मूळचीच.

आता शेवटचे आणि सर्वांत चुकीचे विधान, की युद्ध हे केवळ पार्श्वभूमीला आहे. एक उणीव मी मान्य करतो: दोघांच्या वतीने विचार करण्याचा अधिकार इल्सा रिकच्या हाती सोपवते, हे आज मला खटकते. पण युद्ध बाजूला काढले, तर ही प्रेमकथा उभीच राहत नाही. श्रेयनामावलीतील केवळ तीन कलावंत अमेरिकेत जन्मलेले होते आणि बाकीच्यांपैकी बरेच जण हिटलरच्या युरोपातून निसटलेले होते. नाझी अधिकारी स्ट्रासर साकारणाऱ्या कॉनराड फाइट यांनी, पत्नी ज्यू असल्याने, १९३३ मध्ये जर्मनी सोडली होती. २२ वर चेंडू आणणारा कर्मचारी झालेले मार्सेल दालिओ आणि त्यांच्या पत्नी मादलेन लबो १९४० मध्ये पॅरिसहून लिस्बनला पळाले होते. तिथे मिळालेले व्हिसा बनावट निघाले आणि ते मेक्सिकोत अडकले. पडद्यावर लोक सुटकेच्या ज्या प्रवासी कागदांसाठी तडफडतात, तसले कागद त्यांनी स्वतः हाताळले होते.

याच लबो चित्रपटात इव्होन, म्हणजे रिकने झिडकारलेली प्रेयसी, आहेत. ती जर्मन अधिकाऱ्याच्या हाताला धरून रिककडे येते. जर्मन सैनिक आपले गाणे सुरू करतात, लाझ्लो वादकांपाशी जाऊन ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, वादक रिककडे पाहतात आणि रिक मान हलवतो, इतकी थोडी की पहिल्यांदा पाहताना ती सुटून जावी. मग सगळे मद्यगृह उभे राहून गाते आणि १९ वर्षांच्या लबो यांचा ओलाचिंब चेहरा पडदा व्यापतो. कॅमेरा इल्साकडेही वळतो. ती लाझ्लोकडे पाहत असते. डोळ्यांत भीती असते आणि अभिमानही. आपण याच्याशी लग्न का केले, हे तिला त्या क्षणी पुन्हा कळते, आणि ज्याने मान हलवली तो रिकही तिथेच उभा असतो.